सातवा थेंब

चिमीने चिमट्याने नाणं उचललं, भिंगाखाली धरलं आणि सातव्या थेंबावर हलकी फुंकर मारली. ठिपका हलला नाही. म्हणजे धूळ नव्हे, बुडबुडा. मीन्याच्या आत, केसाच्या टोकाएवढा. तिने नाणं नापासांच्या डबीत टाकलं.

"अहो मॅडम, दया करा," दारात उभा असलेला डिझायनर म्हणाला. "सकाळपासून अकरा मारलीत. गिऱ्हाईक काय भिंग घेऊन जन्माला आलंय?"

"हे गिऱ्हाईक भिंग घेऊनच जन्माला येतं," चिमी म्हणाली.

ही टांकसाळ खासगी होती. खर्चायची नाणी इथे पडत नसत, जपून ठेवायची पडत. या वर्षीची मालिका गावातल्या मोठ्या चर्चवर होती: पाच नाणी, शुद्ध चांदीची. घुमट, मनोरा, कमानींचं छत आणि कोरीव दार ही चार गुणी बाळं. ठसा मारला, आरशासारखी घासली, झालं. पाचवं शेंडेफळ मात्र हट्टी निघालं. त्याच्यावर चर्चची गोल रंगीत खिडकी होती, आणि ती नुसती कोरलेली नव्हती. नाणं मधोमध जाळीसारखं कापून चांदीच्या बारीक तारांमध्ये काचेचा मीना भरला होता. पाठीला काही नाही. उजेडासमोर धरलं की रंग आरपार यायचे: बारा निळ्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीत एक लाल थेंब.

लाल मीना चांदीवर चढवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. भट्टीत चांदी त्या लालाला चावते आणि त्याचा शिळ्या चहासारखा तपकिरी करून टाकते. मध्ये बिनरंगी काचेचा एक पातळ थर द्यावा लागतो, तो किती पातळ हे शोधण्यात चिमीचे पाच महिने गेले होते. धातुशास्त्र शिकलेली घरातली ती पहिलीच. तिचे वडील या शास्त्राला 'भट्टीशी भांडण' म्हणायचे.

"हे घ्या." डिझायनरने टेबलावर दोन पारदर्शक डब्या ठेवल्या. "दोन्ही आवृत्त्यांचे नमुने. एक मूळ, एक चुकीची. अण्णांना दाखवा. आणि ही कार्डं. सही प्रत्येकावर पाहिजे. रविवारपर्यंत."

आवृत्त्या दोन होत्या, कारण खिडकीत एक चूक होती. बावीस वर्षांपूर्वी खिडकीची दुरुस्ती झाली तेव्हा सातव्या पाकळीत लाल थेंबाच्या जागी हिरवा बसला. तो आजही तसाच होता. एवढ्या उंचीवर पुन्हा परांची बांधायला विश्वस्तांची तयारी नव्हती. आणि नाणी जमवणाऱ्यांचं तंत्र उफराटं. जगात चूक झाली की माणसं तोंड फिरवतात, हे लोक रांग लावतात. म्हणून बारा लाल थेंबांची एक आवृत्ती, आणि सातवा थेंब हिरवा असलेली दुसरी, मोजकी आणि महाग.

ही गोष्ट डिझायनरला चिमीनेच सांगितली होती. जेवणाच्या सुट्टीत, हसत हसत. खिडकी दुरुस्त करणारे कारागीर म्हणजे आपले वडील, अण्णा, आणि घोळ घातला तो त्यांच्या हाताखालच्या धाकट्या भावाने, म्हणजे आपल्या पोपटकाकाने. डिझायनरचा घास हातातच राहिला होता. "मॅडम, हे सोनं आहे, सोनं," तो म्हणाला होता. आता ते सोनं हिरव्या किनारीच्या कार्डावर छापून आलं होतं: 'जीर्णोद्धाराच्या वेळी एका अननुभवी सहाय्यकाच्या हातून झालेली ही चूक आजही खिडकीत आहे.' त्याच्याखाली अण्णांच्या सहीची जागा. लाल किनारीच्या कार्डावर हे वाक्य नव्हतं. बाकी कार्डं जुळी.

चिमीने वाक्य वाचलं आणि शुद्धलेखन बरोबर आहे ना एवढंच पाहिलं.

*

ती घरी आली तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. अण्णा हात धुऊन, पांढरा सदरा घालून टेबलाशी बसले होते. बोटांवर काचेचे जुने पांढरे व्रण होते. एकाहत्तराव्या वर्षीही ते चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत आणि ओवला की आजूबाजूला कोणी पाहिलं का ते बघत.

"आण इकडे. हात धुतलेत मी. दोनदा."

चिमीने पांढऱ्या रुमालावर दोन्ही नाणी ठेवली. अण्णांनी एक उचललं, कडेवरून अंगठा फिरवला.

"खिडकीतली शिशाची पट्टी छान पकडलीय. मध्ये जाड, टोकाला निमुळती. हे कुणाला सुचलं?"

"तुमच्याच जुन्या कागदांवरून घेतलं."

"तरीच." ते खूश झाले. "बावीस वर्षं कोणी विचारलं नाही, अण्णा तुम्ही जिवंत आहात का. आता माझी सही पाहिजे."

"यातलं एक तुम्हाला भेट आहे. कोणतं ठेवायचं ते तुम्ही सांगा."

"विचारतेस काय? बरोबर असेल ते. चुकीचं कशाला घरात? त्या एका चुकीनं घर मोडलं ते पुरे नाही झालं?"

त्यांनी दुसरं नाणं उचललं. मग दोन्ही हातांत दोन नाणी घेऊन ते चिमीकडे बघत राहिले. नाण्यांकडे नाही, तिच्या तोंडाकडे.

"आधी कोणतं काढलंस पिशवीतून?"

"का?"

"असंच."

"आठवत नाही."

त्यांनी नाणी उजेडासमोर धरली. आधी डावं, मग उजवं, मग पुन्हा डावं. चिमी हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती. तिला वाटलं, म्हातारा माणूस जुन्या कामाला भेटतोय, घेऊ दे वेळ.

"हे," अण्णा म्हणाले आणि उजव्या हातातलं नाणं पुढे केलं. "बघ. बाराच्या बारा लाल. कसे पेटलेत!"

ऊन नाण्यातून आरपार येऊन त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं होतं. छातीवर रंगाचं एक छोटं वर्तुळ थरथरत होतं. अकरा लाल ठिपके आणि एक हिरवा.

चिमीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. काढून कुठे ठेवावं ते तिला कळेना.

"छान आलेत," ती म्हणाली.

"आणि ते दुसरं, त्याचं." अण्णांनी बारा लाल थेंबांचं नाणं बोटाच्या टोकाने लांब सरकवलं. भावाचं नाव ते घेत नसत. "ते घेऊन जा परत."

हिरवा रंग चिमीनेच जुळवला होता. लालातून जेवढा उजेड जातो तेवढाच हिरव्यातूनही जावा, थेंब अंगावर येऊ नये, म्हणून तिने यंत्रावर मोजून मोजून तो गडद केला होता. ज्याला रंग दिसतो त्याला फरक लख्ख दिसत होता. ज्याला फक्त उजेड कमी-जास्त दिसतो, त्याच्यासाठी तिने काहीच खूण शिल्लक ठेवली नव्हती.

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आई अण्णांना टोमॅटो आणायला कधीच पाठवत नसे. "त्यांना बाजारातलं काही कळत नाही," म्हणायची, आणि सगळे हसायचे. अण्णांचे कपडे तीच आणायची, तीच काढून ठेवायची. आणि काम चालू असताना पोपटकाका अण्णांच्या डाव्या हाताला बसून एकेक काच पुढे करायचा आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "लाल. लाल. निळी. हिरवी." दिवसभर, न थकता. त्याचं नावच त्यावरून पडलं होतं. लहानपणी चिमी त्याची नक्कल करून दाखवायची तेव्हा काका स्वतः सगळ्यांत जास्त हसायचा.

नळ वाहत राहिला. आई असती तर ओरडली असती.

*

पोपटकाका आता ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचा. त्याचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. भिंतीला टेकवलेल्या चौकटी, जमिनीवर रबराच्या पट्ट्यांची भेंडोळी. चिमी दारात उभी राहिली तेव्हा तो काचेवर पट्टी धरून कटर ओढत होता. कर्र आवाज संपल्यावरच त्याने मान वर केली.

"माप आणलंय?"

"काका, मी चिमी."

त्याने कटर खाली ठेवला. हात पँटला पुसले, मग पुन्हा पुसले.

"आईसारखी दिसायला लागलीस," तो म्हणाला. "बस. त्या स्टुलाचा पाय लंगडा आहे, या बाजूला बस."

"तुम्ही कसे आहात?"

"तुम्ही?" काका हसला. "एवढा म्हातारा झालो? माझ्या नाकात पेन्सिल घालायचीस तेव्हा मला 'तू' म्हणायचीस की गं."

चिमीने पिशवीतून नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. अण्णांनी निवडलेलं, त्यांच्याकडून दुपारपुरतं मागून आणलेलं. काकाने ते दाराच्या उजेडाकडे धरलं, आणि एक डोळा मिटायच्या आतच म्हणाला, "हिरवा जमलाय. खरा जरा पिवळ्याकडे झुकतो, पण जमलाय." मग ते पालथं करून बघितलं. "चांदीवर लाल टिकवलाय? कुणी केलं हे?"

"मी."

"शाबास."

"काका, अण्णांनी हे बारा लाल म्हणून निवडलं."

काकाने नाणं तिच्या हातात परत दिलं. सावकाश, जणू गरम होतं.

"ऊन कमी असेल."

"भरपूर ऊन होतं."

समोरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. टेकवलेल्या काचा किणकिणल्या. काकाने उगीच एकीला हात लावून ती स्थिर केली.

"तो थेंब बसला तेव्हा तू तिथे होतास?" तिच्या तोंडून आपोआप 'तू' आलं.

"तुझी काकू दवाखान्यात होती. चार दिवस मी तिकडेच. जुना थेंब तडकलेला निघाला म्हणून दादाने नवीन कापला. आपल्या हातानं. जाताना मी सगळं लावून ठेवलं होतं, लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे. पण तडकलेल्याचा हिशेब मी धरला नव्हता. त्याला मोठ्या रॅकवरून काच काढावी लागली." तो थांबला. "थेंब कापायला हात लागतो. तसं वळण मला जन्मात जमलं नाही. धंद्यातल्या कोणीही काप बघितला असता तर ओळखलं असतं की हा पोपटाचा हात नव्हे. पण वर बघताना काप कोण बघतं? रंग दिसतो."

"आणि परत आल्यावर? तुला तरी दिसलं असेल."

"बाहेरून ताडपत्री होती. मागून उजेड नसला की सगळ्या काचा काळ्या. ताडपत्री निघाली ती उद्घाटनाच्या दिवशीच. सगळं गाव मान वर करून उभं. कोणीतरी म्हणालं, ते हिरवं काय? दादाने माझ्याकडे बघितलं." काकाने कटर उचलून त्याचं चाक अंगठ्याने फिरवलं. "मला वाटलं, विचारतोय. नेहमीसारखा. मी सांगणार होतो हळूच, 'हिरवी'. तेवढ्यात तो मोठ्यानं म्हणाला, ती पाकळी यानं भरली."

चिमीला तो दिवस आठवत होता. ती तेव्हा अकरा वर्षांची, नवा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत. जमलेल्या माणसांबरोबर तीही काकाला हसली होती.

"तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? काचेचा कारागीर आणि त्याला लाल-हिरवं कळत नाही? दुसऱ्या दिवशी कोणी खिडकीची खिटी लावायला दिली नसती त्याला. मी बोललो तर त्याचा धंदा जाणार, नाही बोललो तर माझा. एकाचाच जाणार होता. तो थोरला. तुझं शिक्षण व्हायचं होतं." त्याने खांदे उडवले. "आणि माझंही बरं चाललंय. आता सगळ्या काचा पांढऱ्या. चुकायचं काम नाही."

चिमीने हिरव्या किनारीचं कार्ड काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने लांब धरून वाचलं. 'अननुभवी'पाशी त्याचे ओठ हलले.

"सतरा वर्षं बसलो मी त्याच्या डाव्या हाताला," तो म्हणाला.

"हे मीच सांगितलं त्यांना. मला माहीत नव्हतं. मी ते वाक्य काढायला लावते."

"काढून काय लिहिणार? 'कारागिराच्या हातून'? आणि खाली त्याची सही?" काकाने कार्ड घडी न पाडता परत दिलं. "राहू दे, चिमणे. बावीस वर्षं मी हे सांभाळलंय, तू एका दुपारी फोडू नकोस."

तो उठला, दुसरी काच टेबलावर आडवी घातली, पट्टी लावली. बोलणं संपलं असं चिमीला वाटलं. ती दारापर्यंत गेली.

"सगळ्यांसमोर नको होतं मला काही," तो मागून म्हणाला. पाठ तिच्याकडेच होती. "पण वाटायचं, एकदा येईल. नुसता येऊन बसेल. त्या लंगड्या स्टुलावर." आणि कटर ओढला.

*

तरीही तिने डिझायनरला फोन केला.

"मॅडम, नाणं काय, नाणं कोणीही पाडेल," तो म्हणाला. "लोक ते वाक्य विकत घेतायत. आणि कार्डं छापून झालीत की! काका रागावले का? त्यांनाही एक नाणं पाठवू ना, काय त्यात!"

तिने फोन ठेवला.

रविवारी सकाळी अण्णांनी दाढी केली. टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं, दौत-टाक असल्याच्या थाटात साधं काळं पेन समोर ठेवलं. कपाटाच्या काचेआड त्यांचं नाणं उभं होतं. शेजारपाजारच्यांना दाखवायला मिळावं म्हणून त्यांनी ते काल संध्याकाळीच मागच्या डब्याला टेकवून लावलं होतं. त्यात आता बाराही थेंब लाल होते. चिमीने पहाटे नाणी बदलली होती.

कार्डं क्रमांकानं लावून आली होती, म्हणून लाल-हिरवी एकमेकांत मिसळलेली. सही झाली की दोन खोक्यांत वेगळी ठेवायची होती, लाल किनारीची उजव्या खोक्यात, हिरव्या किनारीची डाव्या. चिमीने तसं सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "हो, हो, कळतं मला." त्यांनी बाहीची गुंडी सोडली.

"बस इथे. एकेक दे. चिकटली की दोन-दोन येतात."

त्यांनी डाव्या बाजूच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. चिमी तिथे बसली.

पहिलं कार्ड लाल होतं. अण्णांनी झोकदार सही केली, फुंकर मारली, कार्ड उजव्या खोक्यात टाकलं. दुसरं लाल. तिसरं लाल. अण्णा गुणगुणायला लागले. चौथं कार्ड तिने पुढे केलं, त्यांनी सही केली, फुंकर मारली आणि हात उजवीकडे निघाला.

चिमीने खिडकीबाहेर बघितलं.

"हिरवं," ती म्हणाली.

हात खोक्यावर थांबला. गुणगुणणं थांबलं. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती घरघरली, बंद पडली, पुन्हा घरघरली. अण्णा हातातल्या कार्डाकडे बघत होते. त्या बारीक छापलेल्या वाक्यावर त्यांचा अंगठा होता. मग कार्ड हळूहळू टेबल ओलांडून डाव्या खोक्यात गेलं.

चिमीने पाचवं कार्ड दिलं.

"लाल."

सही झाली. उजवीकडे.

"लाल."

उजवीकडे.

पुढच्या कार्डासाठी अण्णांनी हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. कपाटातल्या नाण्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग पेनाच्या टोपणाकडे.

"पोपट जरा हळू म्हणायचा," ते म्हणाले. "शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं."

चिमीने गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं. किनार बघितली, वाक्य बघितलं, वाक्याखालची रिकामी जागा बघितली. कार्ड तिने त्यांच्या हातात ठेवलं.

"हिरवं," ती म्हणाली. या वेळी हळू.

अण्णांनी सही केली.